वीज तिथे मुक्काम

'सबनॉटिका' खेळताना पडद्यावर चार गोष्टी सतत दिसत असतात: प्राणवायू, प्रकृती, भूक आणि तहान. विजेला या चौकटीत जागा नाही. हातातल्या साधनाची बॅटरी किती उरली आहे हे ते साधन हातात धरल्यावर कळते आणि पाण्याखाली बांधलेल्या तळात किती वीज शिल्लक आहे हे तळात शिरल्यावर. त्यामुळे नवा खेळाडू विजेकडे फारसे लक्ष देत नाही. मासे पकडावेत, पाणी मिळवावे, हवा संपण्याआधी वर यावे, एवढ्यात तो गुंतलेला असतो. पण खेळ थोडा पुढे सरकला की चित्र बदलते. तळातली हवा विजेवर तयार होते. समुद्राचे खारे पाणी गोडे करणारे यंत्र विजेवर चालते आणि मासा शिजवणारा, साधने घडवणारा फॅब्रिकेटरही विजेवरच चालतो. तळाची वीज संपली की आतली हवा ताजी होणे थांबते आणि घर म्हणून बांधलेली ती खोली काचेचा एक कोंदट डबा होऊन बसते. चारही काट्यांच्या मागे जी एक गोष्ट उभी आहे तिच्याविषयी हे पुस्तक आहे. ते वाचण्याआधी एक मुद्दा नीट मांडून ठेवणे हे या प्रस्तावनेचे काम. या खेळात वीज किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हा प्रश्न मोठा आहे. वीज जिथे तयार होते तिथे खेळाडूचा मुक्काम पडतो, आणि पुन्हा भरता येणारी बॅटरी त्या मुक्कामापासून त्याला किती लांब जाता येईल ते ठरवते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. सॅन फ्रान्सिस्कोच्या अननोन वर्ल्ड्स या संस्थेने 'सबनॉटिका' 2014 च्या डिसेंबरात अपुऱ्या अवस्थेत खेळाडूंसमोर ठेवला आणि 23 जानेवारी 2018 रोजी पूर्ण रूपात प्रसिद्ध केला. 'ऑरोरा' नावाचे प्रचंड अंतराळयान 4546 बी या ग्रहावर कोसळते. एका सुटका-कुपीतून एक माणूस वाचतो आणि जवळजवळ सगळाच समुद्र असलेल्या त्या जगात एकटा उरतो. बहुतेक जगण्याच्या खेळांत अशा माणसाच्या हाती लवकरच बंदूक येते. इथे ती येत नाही. खेळाचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी हा निर्णय 2012 मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत झालेल्या गोळीबारानंतर घेतल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. या नैतिक निर्णयाचा विजेशी थेट संबंध आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. मारण्याचे साधन काढून घेतले की माणसाकडे उरते ते टाळणे, थोपवणे आणि निसटणे. स्टेसिस रायफल समोरच्या प्राण्याला काही क्षण गोठवून ठेवते, ती बॅटरीवर. सीग्लाइड पोहण्याचा वेग वाढवते, तेही बॅटरीवर. सायक्लॉप्स या पाणबुडीचे संरक्षक कवच पॉवर सेल भराभर रिकामे करते. काडतुसांची जागा विजेने घेतली आहे. फरक इतकाच, की झाडलेले काडतूस परत मिळत नाही आणि खर्च झालेली वीज परत भरता येते. अहिंसेचा हा निर्णय टिकला तो खेळात पुनर्भरण आहे म्हणून.

सुरुवातीला मात्र पुनर्भरण नसते. उथळ पाण्यात मुबलक उगवणारी दोन अ‍ॅसिड मश्रूम आणि थोडे तांब्याचे खनिज एवढ्यावर एक बॅटरी तयार होते. तिच्यात शंभर एकक वीज असते. अशा दोन बॅटऱ्या आणि सिलिकॉन रबर मिळून दोनशे एककांचा एक पॉवर सेल होतो, आणि ते रबर केल्पच्या जंगलातल्या चमकणाऱ्या बियांपासून मिळते. या टप्प्यात बॅटरी वापरून टाकण्याची वस्तू असते. स्कॅनर बनवायला बॅटरी, विजेरीला बॅटरी, तळ बांधायच्या हत्याराला बॅटरी, लेझर कटरला बॅटरी. ती संपली की दुसरी बनवायची, आणि दुसरीसाठी पुन्हा उथळ पाण्यात जायचे. या काळातला खेळाडू प्रवासी नसतो आणि रहिवासीही नसतो. तो वेचणारा असतो. मश्रूम जिथे आहेत तिथून तो फार लांब जाऊ शकत नाही, आणि गेलाच तर मेलेल्या बॅटऱ्यांचे ओझे वाहत परततो. सुटका-कुपीतली थोडी वीज मात्र सूर्यप्रकाशावर आपोआप भरत राहते. ते खेळाने दिलेले पहिले सूचक आहे, पण बहुतेकांना त्याचा अर्थ फार उशिरा लागतो.

मग समुद्रतळावर विखुरलेल्या भग्नावशेषांत चार्जरचे तुकडे सापडतात, ते स्कॅन केले की त्याचा आराखडा हाती येतो आणि तळाच्या भिंतीवर चार बॅटऱ्या बसतील अशी एक पेटी लावता येते. मोठ्या सेलसाठी दोन जागांची वेगळी पेटी असते. मला वाटते, या खेळातली सगळ्यांत मोठी घटना हीच आहे. रीपर या राक्षसी प्राण्याची पहिली भेट नव्हे, ऑरोराचा स्फोट नव्हे, परग्रहवासीयांच्या वास्तूचा शोधही नव्हे. नीट पाहा, इथे बॅटरीत काहीही बदललेले नाही. कालपर्यंत जी वापरून फेकायची होती तीच मश्रूम-तांब्याची बॅटरी आज भरता येते आहे. खऱ्या इतिहासात असे घडले नाही. व्होल्टाने 1800 मध्ये विद्युतघटांची चळत मांडली तेव्हा ती संपली की संपली. पुन्हा भरता येणारा शिसे-आम्लाचा घट गास्तों प्लान्ते यांनी 1859 मध्ये तयार केला, म्हणजे मधे एकोणसाठ वर्षे गेली आणि त्यासाठी रसायन बदलावे लागले. खेळाने रसायन तसेच ठेवले आणि बदल भिंतीत टाकला. पुनर्भरणाचा गुण बॅटरीकडून काढून तळाला दिला. हा निर्णय रचनाकारांनी जाणून घेतला असो वा सोयीने, त्याचा परिणाम एकच आहे: पुन्हा भरायचे तर परत यावे लागते, आणि परत यायचे तर परत येण्याजोगी जागा असावी लागते. इथून पुढे खेळाडू घर बांधू लागतो. भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी इन्व्हर्टरच्या हिशेबाने दिवस आखला त्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. बॅटरी किती मोठी आहे यापेक्षा ती भरायला वीज कधी येते, यावर सगळे अवलंबून असायचे.

पाण्याखालच्या खऱ्या जगातही हाच नियम शतकाहून अधिक काळ चालत आला आहे, आणि त्याची सगळ्यांत कठोर साक्ष पाणबुड्यांच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन टाइप 7 जातीची पाणबुडी बॅटरीवर पाण्याखाली चार नॉट या संथ वेगाने सुमारे ऐंशी सागरी मैल जात असे. म्हणजे साधारण वीस तास. त्यानंतर डिझेल इंजिने चालवून बॅटऱ्या भरण्यासाठी तिला पृष्ठभागावर यावेच लागे, आणि रडारने सज्ज विमाने नेमकी तिथेच तिची वाट पाहत. तिला पाणबुडी म्हणण्यापेक्षा काही वेळ बुडी मारू शकणारे जहाज म्हणणे जास्त बरोबर ठरेल. पुढे श्नॉर्केलची नळी आली, नळीपुरते वर येऊन भरण करता येऊ लागले, पण बंधन सुटले नाही, फक्त दोर लांब झाला. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि 14 डिसेंबर 2017 रोजी नौदलात दाखल झालेली आयएनएस कलवरी याच कुळातली आहे. तिच्यात प्रत्येकी 750 किलोचे 360 बॅटरी घट आहेत, म्हणजे केवळ घटांचेच वजन 270 टन, आणि ते भरायला 1250 किलोवॉटची दोन डिझेल इंजिने. इतके वजन वाहूनही तिला भरणासाठी वर यावे लागते. म्हणून अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने फॉस्फरिक आम्लाच्या इंधनघटावर चालणारी, बाहेरच्या हवेची गरज नसलेली यंत्रणा विकसित केली आणि मार्च 2021 मध्ये तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच: परत येण्याची वेळ पुढे ढकलणे.

माणसांनी समुद्रतळावर प्रत्यक्ष बांधलेली घरे तर या बाबतीत आणखी परावलंबी आहेत. समुद्रसंशोधक कुस्तो यांच्या 'कॉनशेल्फ' प्रयोगांतल्या वस्त्या पृष्ठभागावरच्या आधाराने चालल्या. फ्लोरिडाच्या की लार्गोजवळची 'अ‍ॅक्वेरियस' ही प्रयोगशाळा वर तरंगणाऱ्या बोयावरून वीज आणि हवा घेते. 4546 बी ग्रहावर मात्र वर कोणीही नाही. तिथे दोर बांधायला पृष्ठभागावर जहाज नाही, म्हणून खेळाडूला विजेचा उगम समुद्रातच शोधावा लागतो. खेळाने त्यासाठी चार पर्याय दिले आहेत आणि खेळाडूंच्या बैठकींत त्यांची तुलना नेहमी साठवणक्षमतेच्या आकड्यांवर होते: सौर पॅनल 75 एकक, थर्मल प्लांट 250, बायोरिअ‍ॅक्टर 500, अणुभट्टी 2500. हे आकडे खरे आहेत. पण केवळ त्यांच्या आधारे निवड केली तर ती चुकते, कारण हे चार पर्याय म्हणजे राहण्याच्या चार वेगवेगळ्या जागा आहेत.

सौर पॅनल माणसाला उजेडापाशी बांधून ठेवते. खेळातला एक पूर्ण दिवस वीस मिनिटांचा असतो, त्यात रात्र होते आणि रात्री पॅनल काही देत नाही. खोली वाढेल तसा त्याचा पुरवठा आटतो. खऱ्या समुद्रातही प्रकाशसंश्लेषणाला पुरेल इतका उजेड साधारण दोनशे मीटरपर्यंतच पोहोचतो, आणि तांबडा रंग तर वरच्या काही मीटरांतच नाहीसा होतो. त्यामुळे सौर पॅनल निवडणाऱ्याने घर कुठे बांधायचे हे ठरवून टाकलेले असते: उथळ पाण्यात, जिथून सुरुवात झाली तिथेच. त्याच्या मर्यादेचा साधा हिशेब असा, की रात्र पडल्यावर पूर्ण भरलेल्या एका पॅनलमधली सगळी वीज वापरली तरी शंभर एककांची एक बॅटरी भरत नाही. म्हणून पॅनले एकटी नसतात, तळाच्या छतावर त्यांची रांग लागते. ही रांग बघून अनेकांना ती ओबडधोबड वाटते. मला ती या खेळातली सर्वांत प्रामाणिक व्यवस्था वाटते. तिला इंधन लागत नाही, लक्ष द्यावे लागत नाही, आणि ती खेळाडूकडून एकच गोष्ट मागते: फार खाली जाऊ नकोस.

थर्मल प्लांट याच्या अगदी उलट वागतो. तो समुद्रतळाच्या उष्ण तोंडांजवळच चालतो आणि आजूबाजूचे पाणी जितके तापलेले तितका जास्त देतो. त्याला रात्र माहीत नाही. त्यामुळे तो माणसाला खोल, काळोख्या आणि धोक्याच्या भागात घर बांधायला लावतो, किंवा ट्रान्समीटरची माळ लावून दुरून वीज आणायला. ही कल्पना हवेतली नाही. गॅलापागोस बेटांजवळच्या भेगेवर 'अ‍ल्व्हिन' या पाणबुडीतून शास्त्रज्ञांना 1977 मध्ये समुद्रतळाची उष्ण झरेमुखे प्रथम दिसली, सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर, आणि त्यांच्याभोवती सूर्यावर न जगणारी एक पूर्ण जीवसृष्टी दिसली. काळोखात ऊर्जेचा दुसरा उगम असू शकतो, हे त्या शोधाने सिद्ध केले. 'सबनॉटिका'तला खोल पाण्याचा अर्धा भाग त्या एका शोधाच्या सावलीत उभा आहे, असे मला वाटते.

बायोरिअ‍ॅक्टर जागेचे बंधन सैल करतो, पण त्याबदल्यात वेळ घेतो. मासे, रोपे, फळे, काहीही सेंद्रिय त्यात टाकावे, ते हळूहळू विजेत बदलते. तळातच रोपांची पेरणी केली तर बाहेर जावे लागत नाही. ही शेतकऱ्याची व्यवस्था आहे. पेरणे, काढणे, घालणे, पुन्हा पेरणे हे चुकले की दिवे मंद होतात. समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्मजीवांपासून वीज घेणारे घट प्रत्यक्षात आहेत आणि छोटे संवेदक त्यांवर चालवून पाहिले गेले आहेत, पण त्यांची वीज अत्यल्प असते. खेळाने तिला घर चालवण्याइतके मोठे केले आहे. अणुभट्टीबद्दल मात्र इथे घाईने काही सांगण्यापेक्षा आक्षेपांकडे जाताना बोललेले बरे, कारण माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप तिच्याच आधाराने घेतला जातो.

पहिला आक्षेप सोपा आणि व्यवहारी आहे. अ‍ॅसिड मश्रूम जवळजवळ फुकट मिळतात, तांबेही मुबलक आहे, मग चार्जर, पॅनल, वायरिंग यांचा उपद्व्याप कशाला? संपली बॅटरी की नवी बनवावी. पहिल्या काही तासांत हा हिशेब खरा आहे आणि त्या टप्प्यावर चार्जरच्या मागे धावणाऱ्याने वेळ वाया घालवला असेच म्हणावे लागेल. पण हा हिशेब दोन जागी तुटतो. एक, वाहने आली की एकक बदलते. सीमॉथला एक पॉवर सेल लागतो, प्रॉन सूटला दोन, सायक्लॉप्सला सहा. सायक्लॉप्सचे सहाही सेल नव्याने बनवायचे तर बारा बॅटऱ्या, म्हणजे चोवीस मश्रूम, बारा तांब्याचे तुकडे आणि वर सिलिकॉन रबर. दर खेपेला एवढे वेचत बसणारा माणूस पाणबुडी चालवत नाही, पाणबुडीची चाकरी करतो. दोन, मश्रूम उथळ पाण्यात आहेत आणि गोष्ट खाली जाते. खेळातले सगळे महत्त्वाचे दुवे खोलीत आहेत आणि तिथे मश्रूमवर जगणाऱ्याला प्रत्येक वेळी वर यावे लागते. म्हणजे फुकट वाटणारी बॅटरीदेखील एका जागेशी बांधलेली निघते. आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देण्याऐवजी त्याचीच एक बाजू दाखवतो.

दुसरा आक्षेप विज्ञानाचा आहे आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मश्रूमचे आम्ल आणि एकटे तांबे यांचा घट होत नाही. त्यासाठी दोन वेगळ्या धातूंची टोके लागतात. खेळात लिथियम सापडते, पण ते बॅटरीत जात नाही, पाणबुडीचे कवच मजबूत करणाऱ्या मिश्रधातूत जाते. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणल्यापासून साऱ्या जगाची हातातली साधने ज्या मूलद्रव्यावर चालू लागली आणि ज्या कामासाठी व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेच इथे पत्रे जोडायला वापरले जाते. शिवाय खेळातली बॅटरी कधी म्हातारी होत नाही. खरी लिथियम-आयन बॅटरी काहीशे ते हजारभर वेळा भरल्यावर आपल्या क्षमतेचा मोठा भाग गमावते. इथली हजाराव्या भरणातही शंभरच एकक धरते. भरताना वीज उष्णतेत वाया जात नाही, गंज चढत नाही, खारे पाणी सांध्यात शिरत नाही. हे सगळे खरे आहे आणि लपवण्यासारखे नाही. माझे उत्तर असे, की कोणत्याही खेळाने जग सोपे करताना काय काढले हे जितके महत्त्वाचे, तितकेच काय राखले हेही. इथे रसायन काढून टाकले आहे, झीज काढून टाकली आहे, पण परत येण्याची अट राखली आहे. उगमापासूनचे अंतर राखले आहे, रात्र राखली आहे, खोलीबरोबर विरणारा उजेड राखला आहे. पाण्याखालच्या ऊर्जेच्या प्रश्नाचा सांगाडा हाच आहे. तपशील बरोबर पण सांगाडा चुकीचा असलेले शैक्षणिक खेळ पुष्कळ आहेत. त्यांच्यापेक्षा मला हा उलटा प्रकार जास्त शिकवणारा वाटतो. झीज नसणे ही मात्र मला खरी उणीव वाटते. जुनी बॅटरी हळूहळू कमी धरू लागली असती तर तळाचे महत्त्व आणखी वाढले असते, आणि टाकाऊ बॅटरीचे काय करायचे हा आपल्या काळाचा प्रश्न खेळाच्या आत आला असता.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. तो म्हणतो, सुरुवातीला जागेचे बंधन असेल, पण अणुभट्टी आणि आयन बॅटरी आल्यावर ते उरत नाही. आकडे त्याच्या बाजूने बोलतात. भट्टीत चार दांडे बसतात, प्रत्येकात वीस हजार एकक, एकूण ऐंशी हजार, म्हणजे आठशे साध्या बॅटऱ्या भरतील इतकी वीज. परग्रहवासीयांच्या आयन स्फटिकापासून बनणारी बॅटरी पाचशे एकक धरते आणि आयन पॉवर सेल हजार. सहा आयन सेल घातलेल्या सायक्लॉप्सकडे बाराशेऐवजी सहा हजार एकक असतात. प्रत्यक्ष इतिहासातही असेच घडले. अमेरिकेची 'नॉटिलस' ही पाणबुडी 1955 मध्ये अणुशक्तीवर चालू लागली, 3 ऑगस्ट 1958 रोजी उत्तर ध्रुवाखालून पार गेली, आणि त्यानंतर पाणबुडीला वर यायला लावणारी गोष्ट वीज राहिली नाही, अन्नसाठा आणि माणसांची सहनशक्ती राहिली. मग खेळात तसे का म्हणू नये?

कारण खेळाने भट्टीला चाके दिलेली नाहीत. अणुभट्टी तळाच्या मोठ्या खोलीतच उभी राहते, वाहनात बसत नाही. 'नॉटिलस'ने जे केले, उगमच सोबत घेऊन निघणे, ते इथे शक्य नाही. भट्टी तळाला श्रीमंत करते, पण बाहेर पडणारा माणूस बॅटरी घेऊनच बाहेर पडतो. शिवाय, ज्याकडे खेळाडू क्वचित लक्ष देतात, भट्टीचे दांडे पुन्हा भरता येत नाहीत. खेळातला सर्वांत बलाढ्य उगम वापरून टाकण्याचा आहे, आणि त्याचे युरेनियमचे खनिज ब्लड केल्पसारख्या खोल, काळोख्या भागांतून वेचून आणावे लागते. संपलेल्या दांड्यांसाठी वेगळी कचरापेटी बांधावी लागते. म्हणजे ज्याने भट्टी निवडली तो पुन्हा वेचणारा झाला, फक्त मश्रूमऐवजी युरेनियमचा. आयन बॅटरीचेही तसेच. ती उगम नाही, मोठे भांडे आहे. त्याच जुन्या चार्जरवर ती भरावी लागते आणि एकदा भरायला तळाकडून पाचपट वीज ओढते. बायोरिअ‍ॅक्टरमधली सगळी साठवण एका आयन बॅटरीत संपते. ज्याच्या तळावर चार पॅनले आहेत त्याने आयन सेल बसवले तर त्याची पाणबुडी लांब जाईल, पण परतल्यावर तिला भरायला त्याच्याकडे पुरेशी वीज नसेल. खेळाडू या टप्प्यावर अडकतात तेव्हा दोष बॅटरीला देतात, आणि दोष असतो तळाच्या जागेत.

या आक्षेपाला एकच गोष्ट खरोखर बळ देते आणि ती मान्य केली पाहिजे: सायक्लॉप्सचा थर्मल रिअ‍ॅक्टर. हा भाग बसवला की तप्त पाण्यात पाणबुडीचे सेल प्रवासातच भरत राहतात. सायक्लॉप्सच्या आत कपाटे, रोपे, फॅब्रिकेटर आणि चार्जरही बसतात. साध्या सायक्लॉप्समध्ये चार्जर लावण्याचा फायदा नाही, कारण तिथे वीज एका जागेवरून दुसऱ्या जागी हलते, वाढत नाही. थर्मल रिअ‍ॅक्टर असताना मात्र खरोखर वाढते. इथे उगम आणि वाहन पहिल्यांदा एकत्र येतात. पण केवळ उष्ण पाण्यात. थंड भागात शिरताच पाणबुडी पुन्हा आपल्या साठ्यावर येते. आणि नेमक्या ज्या लाव्हाच्या प्रदेशात तिला वीज मिळते तिथेच लाव्हा लार्व्हा नावाचे जीव पाणबुडीला चिकटून तिची वीज शोषतात. परग्रहवासीयांनी आपले वीजकेंद्र याच तप्त भागात बांधले होते, आणि आयन बॅटरीचा आराखडा त्याच केंद्रात मिळतो. त्यांच्याकडे कितीही प्रगत तंत्र असले तरी उगमापाशी जाऊन राहण्याचा नियम त्यांनाही चुकला नव्हता.

शेवटचा आक्षेप रुचीचा आहे. हे सगळे कंटाळवाण्या नोंदवहीसारखे नाही का? खेळात आनंद हवा, बॅटरीचे हिशेब कशाला? ज्यांना असे वाटते त्यांच्यासाठी खेळाने क्रिएटिव्ह प्रकार दिला आहे, ज्यात विजेची चिंताच नाही. तो प्रकार वाईट नाही, सुंदर तळ बांधायला उत्तम आहे. पण तिथे खोलातला ग्रँड रीफ आणि उथळ पाणी यांत खेळाडूच्या दृष्टीने काही फरक उरत नाही. कुठेही घर बांधा, सगळीकडे सारखेच राहता येते. समुद्र निव्वळ देखावा होतो. विजेची अट असताना खोलीला, उष्णतेला, उजेडाला आणि अंतराला अर्थ असतो, आणि त्या अर्थातूनच हा समुद्र खेळाडूच्या मनात नकाशा बनून राहतो. पोहताना हातातले साधन भरणारे फ्लिपर्स या दृष्टीने फार शहाणपणाने घडवले आहेत. ते थोडीच वीज देतात, पण माणसाच्या हालचालीलाच उगम करतात आणि त्यामुळे चार्जरपर्यंत पोहोचायला उरलेले शेवटचे अंतर कापता येते.

पुढच्या प्रकरणांची रचना याच विचाराने केलेली आहे. प्रत्येक उगमाचे आकडे दिले आहेत, पण त्या त्या भागाच्या नकाशासोबत, जेणेकरून वाचक आधी जागा ठरवेल आणि मग क्षमता पाहील. नवशिक्याने चार्जरचे प्रकरण प्रथम वाचावे आणि त्यानंतर सौर पॅनलचे. अणुभट्टी शेवटची आहे आणि ती वगळली तरी खेळ पूर्ण करता येतो. हिमप्रदेशात घडणारा 2021 चा 'बिलो झीरो' हा पुढचा भाग इथे घेतलेला नाही. तिथे सायक्लॉप्स नाही, जमिनीवरची थंडी हा विजेइतकाच मोठा प्रश्न आहे, आणि त्याचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो.